बिशपगारूंच्या वर कोण?

सिकंदराबादहून विजयवाड्याकडे निघालेली गाडी काझीपेट, वरंगळ मागे टाकून डोर्नकल जंक्शनात शिरते, तेव्हा डब्यातल्या बहुतेकांचं लक्ष चहावाल्याकडे असतं. कोठागुडेमच्या कोळशाकडे जाणारा फाटा इथून फुटतो, एवढीच या गावाची प्रवाशांना माहिती. पण निजामाच्या जुन्या राज्यातल्या या आडगावात एक कॅथेड्रल आहे. घुमट-मिनार मशिदीच्या वळणाचे, खांब देवळाच्या मंडपातले वाटावेत असे, नक्षीत कमळं आणि वर क्रूस. १९३९ साली त्याचं समर्पण झालं. ते बांधून घेणारे वेदनायगम सॅम्युएल अझरैया हे अँग्लिकन चर्चचे पहिले भारतीय बिशप.

हैदराबादच्या ख्रिस्ती घरांत पाळकाला ‘अय्यगारू’ म्हणतात, त्यांच्या बायकोला ‘अम्मगारू’. बिशप म्हणजे ‘बिशपगारू’. हा ‘गारू’ आपल्या ‘राव’, ‘साहेब’ यांच्यासारखाच. सवयीने लागतो, आणि किती मनापासून लागला हे आवाजावरून कळतं. बिशपचं ऐकायचं ते कुठवर, आणि त्याने ऐकायचं कोणाचं, हा वाद या भागात शंभर वर्षं चाललाय. मला त्याचं कुतूहल आहे ते धर्मशास्त्रापेक्षा कारभारासाठी.

अझरैया मूळचे तिरुनेलवेलीकडचे तमिळ. डोर्नकलला आले तेव्हा तेलुगू त्यांना नव्याने शिकावी लागली. २९ डिसेंबर १९१२ रोजी कलकत्त्याच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये त्यांना बिशपपदाची दीक्षा मिळाली. वय ३८. त्याआधी दोनच वर्षं एडिंबराच्या जागतिक मिशनरी परिषदेत त्यांनी भर सभेत गोऱ्या मंडळींना सुनावलं होतं, की तुम्ही आमच्यासाठी त्याग केलात, दानधर्म केलात, मैत्री मात्र केली नाहीत. अशा माणसाला बिशप करायला काही मिशनऱ्यांचा विरोध होता, यात नवल नाही. आज्ञाधारकपणावर वर्षानुवर्षं प्रवचनं देणाऱ्यांना आता एका काळ्या माणसाची आज्ञा पाळायची वेळ येणार होती. १९२० नंतर त्यांच्या धर्मप्रांताची हद्द तेलुगू मुलखात दूरवर वाढली आणि ती वेळ खरोखरच आली.

त्यांची खरी प्रजा माला आणि मादिगा या अस्पृश्य मानलेल्या जातींच्या वाड्यांतली. बैलगाडीने, सायकलने ते गावोगाव फिरत. बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाला ते स्वतःचा हात स्वतःच्याच डोक्यावर ठेवायला लावत आणि सुवार्ता सांगण्याची शपथ वदवून घेत. मला हे दृश्य फार बोलकं वाटतं. अँग्लिकन पद्धतीत डोक्यावर हात ठेवायचा अधिकार बिशपचा. प्रेषितांपासून हातामागून हात चालत आला, अशी ती समजूत, आपल्याकडच्या गुरुपरंपरेसारखी. इथे मात्र ज्याच्या सावलीचाही गावाला विटाळ व्हायचा, तो मजूर स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवून उभा.

पुढची भानगड त्या हातामुळेच झाली. १९१९ साली तरंगंबाडीला ३३ जण जमले, बहुतेक सगळे भारतीय, त्यांत अझरैयाही. इंग्लंड-स्कॉटलंडमधली जुनी भांडणं आम्ही का वाहायची, सगळ्यांनी मिळून एक चर्च करू, असं त्यांनी जाहीर केलं. बोलणी अठ्ठावीस वर्षं चालली. अडलं कुठे? प्रेस्बिटेरियनांकडे वडीलधाऱ्यांची पंचायत, काँग्रिगेशनलवाल्यांकडे मंडळी म्हणजेच ग्रामसभा, मेथॉडिस्टांचं स्वतःचं सर्किट आणि परिषद, आणि अँग्लिकनांकडे बिशप. बिशपच्या हाताशिवाय नेमलेला पाळक खरा पाळक धरायचा का? इंग्लंडात यावर इतकी आग पेटली, की टी. एस. एलियट यांनी १९४३ साली या दक्षिण भारतातल्या योजनेविरुद्ध एक पुस्तिकाच लिहिली. नोबेल मिळण्याच्या पाच वर्षं आधी हा कवी तेलुगू-तमिळ खेड्यांतल्या पाळकांच्या नेमणुकीवर भांडत होता.

मराठी वाचकाला या भांडणाचा सूर अनोळखी वाटू नये. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली वाँटेजला अँग्लिकन दीक्षा घेतली आणि थोड्याच दिवसांत तिथल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांची पत्रापत्री जुंपली. चेल्टनहॅमला रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असं मुंबई आणि लाहोरचे बिशप कळवत होते. रमाबाईंचं म्हणणं थोडक्यात असं, की मला विवेक आहे, बायबल मी स्वतः वाचते, मग मध्ये या साहेबांचं काय काम? पुढे केडगावचं मुक्ती मिशन त्यांनी उभं केलं, ते कुठल्याच बिशपच्या ताब्यात न देता. ही पत्रं पुस्तकरूपाने छापली आहेत, जरूर वाचावीत. इतकी चिवट आणि हजरजबाबी बाई आपल्याकडे अजून पुरती वाचली गेलेली नाही.

अझरैया १ जानेवारी १९४५ रोजी वारले. चर्च ऑफ साउथ इंडिया, म्हणजे सीएसआय, जन्मलं २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासच्या सेंट जॉर्ज कॅथेड्रलमध्ये. तडजोड हुशारीची होती. बिशप राहील, पण घटनेने बांधलेला. धर्मप्रांताच्या कौन्सिलने नावं सुचवायची आणि त्यांतून सिनॉड या सर्वोच्च सभेने निवडायचं. सिनॉडमध्ये बिशप, पाळक आणि साधे सभासद एकत्र बसणार. सर्वांत वर आर्चबिशप नाही, मुदतीपुरता निवडलेला मॉडरेटर. जुन्या पाळकांच्या डोक्यावर पुन्हा हात ठेवायचा नाही, नव्यांवर मात्र बिशपच ठेवील. बिशप म्हणजे नेमकं काय, याचा एकच अर्थ कोणावर लादायचा नाही. शिवाय एक वचन दिलेलं होतं, की ज्याला मंडळीची मनोदेवता तयार नाही असा पाळक किंवा उपासनाविधी तिच्या माथी मारला जाणार नाही. आज्ञापालनाला इतकी स्वच्छ लिखित मर्यादा घालणारी धर्मसंस्था मला तरी दुसरी चटकन आठवत नाही.

तरी नंद्यालने ऐकलं नाही. कर्नूल भागातले हे अँग्लिकन अझरैयांच्याच धर्मप्रांतातले, आणि एसपीजी या इंग्लिश मिशनच्या वळणात वाढलेले. त्यांतले हजारो जण नव्या चर्चच्या बाहेर राहिले आणि थेट कलकत्त्याच्या मेट्रोपॉलिटनशी, म्हणजे अँग्लिकनांच्या प्रमुख बिशपशी, बांधलेले राहिले. ‘बिशपचं ऐका’ हे त्यांना इतकं पक्कं शिकवलं होतं, की नव्या बिशपांचं ऐकायला ते तयार होईनात. त्यांना सीएसआयमध्ये यायला १९७५ उजाडलं.

हैदराबादची गंमत निराळी. अबिड्सचं सेंट जॉर्ज, सिकंदराबादचं सेंट जॉन, बोलारमचं होली ट्रिनिटी ही सगळी अँग्लिकन चर्चेस. बोलारमला तर १९८३ साली राणी एलिझाबेथ लग्नाच्या वाढदिवशी प्रार्थनेला येऊन गेल्या. आज ही तिन्ही मेदक धर्मप्रांतात मोडतात, आणि मेदक पडलं मेथॉडिस्टांचं घर. तिथलं १७५ फूट मनोऱ्याचं कॅथेड्रल चार्ल्स वॉकर पॉस्नेट या वेस्लियन मेथॉडिस्ट मिशनऱ्याने दुष्काळात लोकांच्या हाताला काम देत उभं केलं आणि १९२४ च्या नाताळात उघडलं. फ्रँक व्हिटेकर हे मेदकचे पहिले बिशप, तेही मेथॉडिस्ट. म्हणजे ज्या हातांच्या परंपरेसाठी इंग्लंडात शाई सांडली, तो हात एका मेथॉडिस्टाच्या डोक्यावर ठेवला गेला आणि मग त्याचा हात इतरांच्या डोक्यावर. आभाळ काही कोसळलं नाही.

आताची भांडणं हातावरून होत नाहीत. ती होतात जमिनींवरून, शाळांवरून, बदल्यांवरून आणि खुर्चीवरून. बिशपांच्या निवृत्तीचं वय ६७ वरून ७० करणारी घटनादुरुस्ती मद्रास उच्च न्यायालयात गेली. २०२४ मध्ये न्यायालयाने सिनॉडचा कारभार पाहायला दोन निवृत्त न्यायमूर्ती नेमले, आणि प्रकरण पुढे दिल्लीलाही पोचलं. बिशपच्या वर कोण, याचं निदान एक उत्तर मिळालं: काळा कोट.

माझ्या ओळखीच्या एक बाई रेल्वेच्या अकाउंट्समधून निवृत्त झाल्या, आता आपल्या चर्चच्या पास्टोरेट कमिटीवर आहेत. एका रविवारी बिशप आले होते. बाईंनी चपला दाराशी काढल्या, पदर डोक्यावरून घेतला, हात जोडले, वाकून म्हणाल्या, “वंदनालु, बिशपगारू.” बिशपांनी आशीर्वाद दिला. तासाभराने मागच्या खोलीत बैठक भरली. बाईंनी चष्मा चढवला, लाल कापडी पुठ्ठ्याची वही उघडली, एका ओळीवर बोट ठेवलं आणि बिशपांकडेच बघत विचारलं, “या जनरेटरच्या डिझेलचं व्हाउचर कुठंय?”