खाटेजवळची शिवारफेरी

मोठ्या दवाखान्यातून घरी परतलेला गावकरी हमखास एक तक्रार सांगतो. "साहेब, रोज आठ-दहा पोरंपोरी खाटेभोवती जमायची. तेच तेच विचारायची, पोट दाबून बघायची. आम्ही काय प्रयोगाला गेलो होतो?"

शेतकरी बंधूंनो, तक्रार खोटी नाही. पण त्यामागचं कारण समजून घेऊ.

दादरजवळ परळला मुंबई महानगरपालिकेचं के.ई.एम. रुग्णालय आहे. त्याच आवारात सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालय. दोन्ही १९२६ सालची. दवाखाना आणि कॉलेज शेजारी शेजारी, कारण डॉक्टरकी नुसत्या पुस्तकातून येत नाही. कपाशीचं पान उलटून पाहिल्याशिवाय तुडतुडा दिसत नाही, तसंच हे.

खाटेजवळ विद्यार्थी आधी हकिगत विचारतो. मग चार कामं: नीट बघणं, हातानं चाचपणं, बोटानं ठोकणं, नळीनं ऐकणं. ठोकून पाहण्याची रीत ऑस्ट्रियाच्या आउएनब्रुगर या डॉक्टरांनी १७६१ साली मांडली. आपण कलिंगड ठोकून पाहतो, त्यातलाच प्रकार. छातीत पाणी साठलं की आवाज बद्द येतो. हा फरक कानाला कळायला शेजारी जाणता शिक्षक लागतो आणि समोर रुग्ण लागतो.

यात आपला काय फायदा? फवारणीत ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या औषधाची विषबाधा झाली, तर डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, लाळ गळते, घाम सुटतो. शिकताना ज्यानं हे एकदा डोळ्यांनी पाहिलं, तो पुढे आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आला तर चटकन ओळखील. तिथे मिनिटांवर जीव असतो.

म्हणून एवढं करा. हकिगत पूर्ण सांगा; तंबाखू, दारू लपवू नका. विषबाधेचा रुग्ण नेताना औषधाच्या डब्यावरचं लेबल सोबत न्या. शिकाऊ मुलांनी तपासू नये असं वाटलं, तर स्पष्ट 'नको' म्हणा. तो तुमचा हक्क आहे, त्यासाठी उपचार अडवता येत नाहीत. बाईमाणसाला पुरुष तपासत असेल, तर जवळ दुसरी बाई असावी, असा आग्रह धरा. मुलांनीही आधी विचारून, पडदा ओढून तपासलं पाहिजे.

सरपंच, ग्रामसेवकांनी ग्रामसभेत हे जरूर सांगावं. शेवटी खाटेवरचा आपला माणूसही त्या मुलांचा मास्तरच असतो. त्याचा मान राहिला, तर डॉक्टरही चांगला घडेल.