दाब मोजायचा दिवस

सकाळी 8.15. पुण्यातला लहान प्राण्यांचा दवाखाना. मदतनीस मामा मागच्या दाराने येतात. पन्नाशी ओलांडलेली, पगार 17,000, कात्रजहून पीएमपीने येणं-जाणं. फरशी झाली, टेबल स्पिरिटने पुसून झालं. मग भुलीच्या मशीनच्या नळ्या. तोंडाशी अंगठा धरून पिशवी दाबायची, कुठे हवा गळत नाही ना बघायचं. ऑक्सिजनचा काटा निम्म्याखाली आला की दुसरा सिलिंडर मागवायचा.

9.40. लॅब्राडोर, काचबिंदूची औषधं चालू. डॉक्टर मॅडम डोळ्यातला दाब मोजायच्या टोनोमीटरमध्ये नवा प्रोब घालतात. टाचणीएवढी तार, टोकाला प्लॅस्टिकचा मणी. तो बुबुळावर 6 वेळा टकटक करतो आणि सरासरी दाखवतो. भुलीचे थेंब लागत नाहीत. तपासणीचे 400, प्रोब त्यातच धरलेला. निरोगी कुत्र्याचा दाब साधारण 10 ते 25 मिलिमीटर पारा असतो. इथे 29 आला. मालकाने पट्टा घट्ट ओढून धरला होता. "दादा, पट्टा सोडा," मामा म्हणतात आणि हनुवटीखाली नुसता तळहात धरतात. मिनिटभराने 21. मान आवळली की डोळ्यातलं रक्त परत जायला अडतं, आकडा चढतो.

11.00. पग, उजव्या बुबुळावर खोल जखम. त्याच्या मालकीण ताई बारामतीहून गाडी करून आल्यात. चार दिवस मेडिकलमधून आणलेले थेंब घातले. त्यात स्टेरॉइड होतं, जखम आणखी खोल गेली. बुबुळाचा शेवटचा पापुद्रा तेवढा शिल्लक आहे. या डोळ्याला टोनोमीटर लावायचा नाही. आज ऑपरेशन.

11.30. भुलीची औषधं ठरतात. झायलाझिन स्वस्त आणि कपाटात तयार, पण त्याने उलटी होते. उलटीच्या एका उबळीने दाब उसळतो आणि असं बुबुळ जागेवर फुटू शकतं. नुसतं केटामाइन दिलं तर दाब वाढतो. प्रोपोफॉलनेही कुत्र्यांत तो चढतो. बिनधोक असं एकही नाही, म्हणून क्रम आणि वेग सांभाळायचा. आधी उलटी थांबवणारं इंजेक्शन, मग गुंगीसाठी ब्युटॉर्फॅनॉल. शिरेत इंट्राकॅथ लावताना मामा गळ्याऐवजी खांदे धरतात.

12.10. प्रोपोफॉल हळूहळू, पग पुरता सैल पडेपर्यंत. घशात लिग्नोकेनचा स्प्रे, कारण नळी घालताना ठसका आला तरी दाब चढतो. मानेखाली टॉवेलची गुंडाळी, डोकं छातीपेक्षा किंचित वर.

12.30. भूल चढली की कुत्र्याचा डोळा खाली वळतो, बुबुळ पापणीआड जातं. ते समोर आणायला अट्राक्युरियम देतात. त्याने श्वासही थांबतो. आता श्वास मामांच्या हातात. दर पाच-सहा सेकंदांनी पिशवी दाबायची, छाती उचललेली बघायची, सोडायची. हात मंदावला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, डोळ्याकडे रक्त वाढतं, दाब पुन्हा वर. मॅडम मायक्रोस्कोपखाली केसाहून बारीक दोऱ्याने पांढऱ्या भागावरचं पातळ आवरण ओढून जखमेवर शिवतायत. मामा मनात आकडे मोजतात. मध्येच हात बदलतात, लय तुटू देत नाहीत. तासभर हेच. या खोलीतलं सगळ्यात अवघड काम मला हेच वाटलं.

1.45. पग स्वतः श्वास घेतो. जाग येताना डोकं आपटू नये म्हणून मामा त्याला मांडीवर धरून बसतात. डोक्याभोवती कोन बांधतात. डबा तीनला उघडतो. भाकरी, मेथी.

5.00. मांजर, फार चवताळलेलं. गुंगी देऊनच दाब मोजावा लागला. मॅडम आकड्याशेजारी औषधाचं नाव आणि किती मिनिटांनी मोजलं ते लिहितात. पुढच्या वेळी तेच औषध, तितक्याच मिनिटांनी. नाहीतर दोन आकड्यांची तुलना करता येत नाही.

7.20. बारामतीच्या ताईंचं बिल 14,500. निम्मे फोनवरून भरले, उरलेले टाके काढताना. मामांना जादा वेळेचे 200. पग नेताना मामा ताईंना जे बजावतात ते सगळ्यांनीच ऐकावं: कुत्र्याचा डोळा लाल झाला, त्यातून पाणी गळायला लागलं, की गळ्यातला पट्टा काढा, हार्नेस घाला, घरातले थेंब घालू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.