रात्री दोन वाजता कामावर येणारा गडी

कुरुम म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो समुद्रकिनारा, नॅचरल पार्कची हिरवळ आणि सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी दुकानांपुढे लागणाऱ्या गाड्यांच्या रांगा. पण दिवे मालवून सगळे घरी गेले, की इथल्या कितीतरी ऑफिसांत एक गडी कामाला लागतो. त्याला ना व्हिसा लागतो, ना ओव्हरटाइम. त्याचं नाव क्रॉन.

लिनक्स सर्व्हरवर ठरल्या वेळी ठरलेलं काम करणारा हा प्रोग्रॅम. त्याचं मूळ १९७० च्या दशकातल्या युनिक्समध्ये आहे. पॉल व्हिक्सी यांनी १९८७ साली लिहिलेल्या आवृत्तीचा वंश आजही अनेक सर्व्हरवर नांदतो आहे. हिशेबाच्या बेरजा, पगाराच्या फायली, रात्रीचा बॅकअप ही सारी कामं तो मुकाट्याने करतो. पंचाईत एवढीच, की काम बिघडलं तरी तो तितकाच मुकाट असतो! आपल्या मंडळींपैकी अनेक घरांत कोणी ना कोणी अशा सर्व्हरची राखण करतं, म्हणून हा लेखनप्रपंच.

क्रॉनच्या वहीला क्रॉनटॅब म्हणतात. तिच्यात दर ओळीला पाच रकाने असतात : मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार. रविवार म्हणजे ०, शनिवार म्हणजे ६. त्यापुढे काय करायचं ती आज्ञा. गडी इमानी आहे, पण शब्दाचा पक्का आहे. लिहिलंय तेच करणार.

याचा अर्थ काय होतो, ते ओमानमध्ये राहणाऱ्यांना चटकन कळेल. पूर्वी इथे गुरुवार-शुक्रवार सुट्टी असे. १ मे २०१३ पासून ती शुक्रवार-शनिवार झाली. माणसं आठवड्याभरात रुळली, पण क्रॉनला कोण सांगणार? ज्या वहीत ‘गुरुवारी सकाळी मोठा बॅकअप’ असं लिहिलं असेल, तिथला गडी भर कामाच्या दिवशी सर्व्हर अडवून बसणार आणि शनिवारचा साप्ताहिक अहवाल बंद ऑफिसात काढणार. वार बदलले की वही उघडावीच लागते. अमिरातीत २०२२ च्या जानेवारीत सुट्टी शनिवार-रविवारवर गेली, तेव्हा तिथल्या मंडळींनाही हेच करावं लागलं.

दुसरा घोळ घड्याळाचा. पुण्याचं घड्याळ मस्कतच्या दीड तास पुढे, हे आईला फोन करताना आपण विसरत नाही. पण भाड्याने घेतलेला सर्व्हर बहुधा जागतिक वेळेवर, म्हणजे मस्कतच्या चार तास मागे चालतो. आपल्याला काम हवं आहे १ तारखेला रात्री दोन वाजता. सर्व्हरच्या लेखी तेव्हा आदल्या महिन्याचा शेवटचा दिवस असतो आणि रात्रीचे दहा वाजलेले असतात. वहीत नुसतं ‘१ तारीख, २ वाजता’ लिहिलं, तर काम होईल सकाळी सहाला. वरातीमागून घोडं! सर्व्हर युरोपच्या स्थानिक वेळेवर असेल तर आणखी गंमत. मार्च आणि ऑक्टोबरमध्ये तिथली घड्याळं सरकतात, तेव्हा मध्यरात्रीनंतरचं एखादं काम सुटू शकतं किंवा दोनदा होऊ शकतं.

आता काम झालं नाही, तर शोध कुठून घ्यायचा?

पहिलं, गडी कामावर आला होता का, ते सिस्टीमच्या लॉगमध्ये पाहा. नोंदच नसेल तर वेळ, वार किंवा ओळ लिहिण्यात चूक आहे. क्रॉनची सेवा चालू आहे ना, हेही तपासा. त्या वेळी सर्व्हर बंद असेल, तर साधा क्रॉन राहिलेलं काम नंतर भरून काढत नाही. त्यासाठी अ‍ॅनाक्रॉन वापरावा लागतो.

दुसरं, नोंद आहे पण काम नाही. ही नोंद आज्ञा सुरू झाल्याची असते, यशाची नव्हे. इथे बहुतेकदा दोष पाथचा निघतो. आपण हाताने चालवतो तेव्हा प्रोग्रॅम कुठे आहेत ते आपल्या खात्याला ठाऊक असतं. क्रॉनला मोजक्याच जागा माहीत असतात. नव्या गड्याला ‘डबा आण’ म्हणून भागत नाही, कुठल्या फडताळातला ते सांगावं लागतं. म्हणून प्रत्येक फाईलचा पूर्ण पत्ता लिहा. काम कोणाच्या नावाने चालतं आणि त्याला परवानगी आहे का, तेही बघा.

तिसरं, बारीक खोड्या. आज्ञेत टक्क्याचं चिन्ह आलं तर क्रॉन तिथे ओळ तोडतो. फाईलच्या नावात तारीख घालताना हे हमखास होतं. चिन्हाआधी उलटी तिरकी रेघ द्या. आणखी एक, तारीख आणि वार दोन्ही रकाने भरले, तर दोन्ही जुळण्याची वाट तो पाहत नाही, एक जुळलं तरी पळतो. ‘१ तारीख’ आणि ‘रविवार’ लिहिलं तर काम दर रविवारी होईल आणि दर १ तारखेलाही.

चौथं, त्याला बोलतं करा. क्रॉन आपला निरोप मेलने पाठवतो, पण मेलची सोय नसेल तर तो हवेत विरतो. म्हणून आउटपुट आणि चुकांचे संदेश दोन्ही एका फाईलमध्ये साठवा आणि ती फाईल वाचा.

हा खटाटोप कशासाठी? जून २००७ मध्ये गोनू वादळ आलं, तेव्हा कुरुममध्ये वादीच्या पाण्याने हाहाकार उडवला होता. अशा दिवशी ऑफिसातलं यंत्र जातं आणि हाती उरतो फक्त बॅकअप. तो कित्येक महिने रिकामाच निघत होता हे त्या दिवशी कळणं, म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. ‘चालत असेल’ या भरवशावर राहू नका, विश्वास तर पानिपतावर गेला!

हा अंक दर तीन महिन्यांनी आपल्या हाती येतो. तो आला की एक काम करा : बॅकअपमधून एखादी फाईल खरोखर परत आणा आणि उघडून पाहा. उघडली, तर गडी इमानाने राबतो आहे असं समजा आणि मग निवांत चहा घेत पुढचं पान उलटा.