मोठ्यांच्या खात्यावरची मुले : बिदर प्रकरण आणि शाळांची जबाबदारी

२१ जानेवारी २०२० रोजी बिदर येथील शाहीन शाळेत प्राथमिक वर्गातील मुलांनी एक नाटुकले सादर केले. विषय होता नागरिकत्व सुधारणा कायदा. शाळेच्या आवारातील हा कार्यक्रम तिथेच संपला असता. परंतु त्याची चित्रफीत एका प्रौढाच्या फेसबुक खात्यावर चढली आणि पाहता पाहता सर्वदूर पोहोचली. २६ जानेवारीला पोलिसांत तक्रार नोंदवली गेली, राजद्रोहाचे कलम लागले. ३० जानेवारीला मुख्याध्यापिका आणि एका विद्यार्थिनीची आई अशा दोघींना अटक झाली. दोघींना जामीन मिळायला फेब्रुवारीचा मध्य उजाडला. दरम्यान पोलीस पुन्हा पुन्हा शाळेत येऊन मुलांना प्रश्न विचारत राहिले.

या प्रकरणाची राजकीय बाजू तेव्हा भरपूर चर्चिली गेली. ‘विद्यार्थ्यांची ऑनलाइन सुरक्षितता’ या अंगाने मात्र त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. वास्तविक त्या अंगानेच ते अधिक बोलके आहे. १४ जून २०२३ रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाच्या कलबुर्गी खंडपीठाने शाळेच्या व्यवस्थापनाविरुद्धचा गुन्हा रद्द केला. मुलांना सरकारी धोरणांच्या टीकेपासून दूर ठेवावे, असे न्यायमूर्ती हेमंत चंदनगौडर यांनी शाळांनाही सुनावले. तथापि, नाटक शाळेच्या आवारात झाले आणि ते फेसबुकवर टाकले गेले तेव्हाच लोकांना कळले, ही बाब निकालात महत्त्वाची ठरली. एका खासगी खात्यावरून केलेल्या एका कृतीने शाळेची भिंत नाहीशी झाली होती.

शाळांमधून होणारी ‘सायबर सुरक्षा’ व्याख्याने आपण ऐकतो. त्यांत धोका नेहमी बाहेरून येतो : अनोळखी मित्र, फसवी लिंक, रात्री उशिरापर्यंतचा खेळ. उपदेशही सारा मुलांनाच. बिदरमध्ये मुलांनी ऑनलाइन काहीच केले नव्हते. त्यांच्यापाशी खाते नव्हते की फोन. ऑस्ट्रेलियाने १६ वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई करणारा कायदा केला आणि १० डिसेंबर २०२५ पासून तो अमलात आला. गोव्यातही तशा निर्बंधाची चर्चा झाली. तो योग्य की अयोग्य, हा वाद वेगळा. पण बिदरच्या मुलांना त्याचा काडीचाही उपयोग झाला नसता, कारण खाते मोठ्या माणसाचे होते.

स्नेहसंमेलनाच्या एका साध्या चित्रफितीत काय काय असते, ते पाहावे. गणवेशावरून शाळा ओळखू येते, फलकावरून गाव. निवेदिका मुलांची पूर्ण नावे उच्चारते, कधी वडिलांच्या नावासह. प्रतिक्रियांत एखादी मावशी कौतुकाने घरातले लाडके नावही लिहून जाते. एवढ्यावरून मुलाची ओळख, वय, रोज ये-जा करण्याचे ठिकाण आणि वेळ कोणालाही जुळवता येते. पूर्वी चेहरा बदलून अश्लील छायाचित्र तयार करायला कसब लागे. आता एक स्पष्ट चेहरा मिळाला की मोबाइलमधील अॅप तेच काम काही क्षणांत करते.

कायदा येथे अर्धाच मदतीला येतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे आणि तिची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती लागते. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य बंधने लागू होण्यास अठरा महिन्यांची मुदत आहे. शाळेने स्वतःच्या पानावर मुलांची छायाचित्रे टाकणे या चौकटीत येते. मात्र वैयक्तिक वा घरगुती कारणासाठी माहिती वापरणाऱ्या व्यक्तीला हा कायदा लागू होत नाही. म्हणजे पहिल्या रांगेत फोन उंचावून बसलेले पालक बहुतांशी त्याच्या कक्षेबाहेरच राहतात. तेथे उपयोगी पडतो तो शाळेचा स्वतःचा नियम : चित्रण एकाच नेमलेल्या व्यक्तीने करावे, पालकांना त्यांच्या पाल्याचा भाग द्यावा, आणि हे कार्यक्रमाच्या आधी स्पष्ट सांगावे. दोन-चार पालक रुसतील. रुसू द्यावेत.

याहून गंभीर प्रसंग म्हणजे एखाद्या विद्यार्थिनीचे आक्षेपार्ह छायाचित्र, खरे वा बनावट, फिरू लागणे. अशा वेळी भल्या हेतूने एक घोडचूक होते. शिक्षक ‘पुरावा’ म्हणून ते स्वतःच्या फोनवर घेतात आणि ‘काय करावे’ असे विचारत कर्मचाऱ्यांच्या गटावर टाकतात. मुलांचे लैंगिक चित्रण बाळगणे आणि पाहणे याबाबत सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात कठोर भूमिका घेतली आहे. तेव्हा चित्र पुढे न पाठवता ते कोणत्या खात्यावर, कोणत्या दिवशी, किती वाजता दिसले एवढे कागदावर लिहून पोलिसांकडे जावे. जाणे ऐच्छिक नाही. पॉक्सो कायद्याच्या १९व्या कलमाने माहिती देणे बंधनकारक केले आहे आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा असा गुन्हा दडवला, तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ‘शाळेचे नाव खराब होईल’ ही सबब कायद्याला मान्य नाही.

पोलिसांकडे जायचे म्हटले की बिदरची आठवण पालकांना मागे खेचते, आणि ते स्वाभाविक आहे. परंतु त्या प्रकरणाचा आणखी एक अध्याय आहे. गणवेशातील, शस्त्रधारी पोलिसांनी मुलांची चौकशी केल्याची छायाचित्रे पाहून, मुख्य न्यायमूर्ती अभय ओक यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने ऑगस्ट २०२१ मध्ये हा प्रथमदर्शनी मुलांच्या हक्कांचा गंभीर भंग असल्याचे नमूद केले. पीडित मुलाबाबत तर पॉक्सोचे २४वे कलम स्पष्ट आहे : जबाब मुलाच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी घ्यावा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यावा, अधिकारी गणवेशात नसावा. पालकांनी हे कलम पाठ करून ठेवावे.

सीमाभागात याला भाषेची आणि हद्दीची अडचण चिकटलेली आहे. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांत मराठी घरांतील मुलगा कन्नड राज्यात शिकतो आणि त्याचे आजोळ उदगीर, देगलूर किंवा उमरग्याला असते. त्रास देणारा पलीकडच्या राज्यातला असला, की ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ हे उत्तर ठरलेले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३व्या कलमाने ही पळवाट बंद केली आहे : गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्याने दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घेतली पाहिजे. ती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते. तीन दिवसांत सही मात्र करावी लागते. भाषेविषयी संविधानाचा अनुच्छेद ३५० फारसा कोणाला माहीत नसतो. संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत सरकारी अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क त्याने दिला आहे. मराठीत लिहिलेला अर्ज केवळ भाषेमुळे परत करता येत नाही, आणि पॉक्सो प्रकरणात मुलाच्या जबाबासाठी दुभाषा घेण्याची तरतूदही कायद्यातच आहे.

कर्नाटकात सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थविषयक गुन्ह्यांसाठी स्वतंत्र ‘सीईएन’ पोलीस ठाणी आहेत. पण तालुक्याच्या गावातून जिल्ह्याला जायला गाडी मिळेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. जवळच्या ठाण्यात नोंद करावी, १०९८ या बाल मदतवाहिनीवर कोणत्याही वेळी बोलावे आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करावी. मुलांसंबंधीच्या मजकुराची तक्रार तेथे नाव न देताही करता येते. कलबुर्गीहून पोटासाठी गोव्यात आलेल्या कुटुंबांनाही हेच लागू. मूल आळंदच्या शाळेत आणि आई-वडील म्हापशात असतील, तर नोंद म्हापशाच्या ठाण्यातही होऊ शकते.