गुणसूत्राला आकार कोण देतं?

माणसाच्या एका पेशीत सुमारे २ मीटर लांबीचा डीएनए असतो आणि तो काही मायक्रोमीटरच्या केंद्रकात मावतो. याचं श्रेय सर्रास हिस्टोन प्रथिनांना दिलं जातं. आठ हिस्टोनांच्या रिळाभोवती डीएनएच्या १४७ बेसजोड्या गुंडाळलेल्या असतात, हे खरंच आहे. पण गुंडाळणं वेगळं, घडवणं वेगळं. पेशीविभाजनाच्या वेळी दिसणाऱ्या आखीव गुणसूत्राचा आकार ठरतो तो मुख्यतः हिस्टोनेतर प्रथिनांमुळे.

१९७७ मध्ये जेम्स पॉलसन आणि उलरिख लेम्ली यांनी हेला पेशींच्या गुणसूत्रांतले हिस्टोन काढून टाकले. डीएनए विस्कटून जायला हवा होता. प्रत्यक्षात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मधोमध प्रथिनांचा गडद सांगाडा दिसला, थेट गुणसूत्राच्याच आकाराचा, आणि त्यातून डीएनएचे लांबच लांब फास चहूबाजूंनी पसरलेले. रसायनांच्या माऱ्यात प्रथिनं चिकटून हा सांगाडा तयार झाला असेल, असा आक्षेप आला. तो उडवून लावण्याजोगा नव्हताच. २००२ मध्ये मायकेल पॉयरियर आणि जॉन मार्को यांनी गुणसूत्रातला डीएनए विकरांनी कापला, तर अख्खं गुणसूत्रच विखुरलं. म्हणजे आत प्रथिनांचा सलग कणा नाही, हे मान्य करावं लागतं. पण म्हणून प्रथिनं दुय्यम ठरत नाहीत. कणा नसेल, तर ती डीएनएचे फास पाडून ते धरून ठेवत असतील. फास पाडणारं असं एक प्रथिनसंकुल म्हणजे कंडेन्सिन; त्या सांगाड्यातल्या प्रमुख प्रथिनांपैकी एक पुढे या कंडेन्सिनचाच घटक निघालं. २०१८ मध्ये डेल्फ्टच्या प्रयोगशाळेत दोन्ही टोकं काचेला बांधलेल्या डीएनएवर यीस्टचं कंडेन्सिन सोडलं. एक रेणू डीएनएला चिकटला, एटीपी खर्चून एका बाजूने धागा ओढू लागला आणि पाहता पाहता फास मोठा होत गेला. वेग सेकंदाला १५०० बेसजोड्यांपर्यंत!

मग हिस्टोन नसले तरी चालेल का? केइशी शिंतोमी आणि तात्सुया हिरानो यांच्या गटाने २०१७ मध्ये बेडकाच्या अंड्यांच्या अर्कात हेच तपासलं. न्यूक्लिओसोम, म्हणजे डीएनए गुंडाळलेली हिस्टोनांची ती रिळं, जवळपास बनूच दिले नाहीत, तरी मध्यभागी कंडेन्सिनचा अक्ष असलेल्या गुणसूत्रासारख्या रचना तयार झाल्या. फास मात्र विरळ आणि सैल राहिले. घट्टपणासाठी हिस्टोन हवेतच. आकाराचा पाया त्यांच्यावाचूनही पडतो.

एनसीईआरटीच्या बारावीच्या जीवशास्त्रात हिस्टोनेतर प्रथिनांची बोळवण जेमतेम एका वाक्यात होते. शिक्षकांनी ते वाक्य वाचून पुढे जाऊ नये. पॉलसन-लेम्लींचं ते छायाचित्र वर्गात जरूर दाखवावं.