हातघडणीच्या गिटारीचा आवाज नेमका कशात?

गोमंतकातील जुन्या घरांतून शिसवी पलंग, शिसवी कपाटे आणि वेताने विणलेल्या शिसवी खुर्च्या आजही पाहावयास मिळतात. याच झाडाच्या पातळ चिरलेल्या फळ्या गेली अनेक दशके परदेशातील गिटार-निर्मात्यांकडे जात आहेत. ब्राझीलमधील शिसवीची आवक आटल्यावर अमेरिकेतील मार्टिन या नामांकित कंपनीने १९६९ पासून आपल्या नेहमीच्या गिटारींसाठी भारतीय शिसवी वापरावयास घेतली. चांगल्या गिटारीची पाठ शिसवीचीच असावयाची, हा समज त्याहूनही जुना आहे. त्यामुळे एखादा वादक खास आपल्यासाठी गिटार घडवून घ्यावयास निघतो, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न बहुधा पाठीच्या लाकडाचा असतो. किंमतही बरीचशी तेथेच चढते.

या समजाला पहिला जाहीर धक्का दिला तो स्पेनमधील अंतोनियो दे तोरेस या कारागिराने. आजच्या शास्त्रीय गिटारीचा आकार बव्हंशी त्यानेच निश्चित केला. त्याने १८६२ मध्ये एक गिटार केली, तिची वरची फळी लाकडाची होती. पाठ आणि कडा मात्र कागदाच्या लगद्याच्या. आवाज वरच्या फळीत असतो, हे त्याला दाखवावयाचे होते. ती गिटार आज बार्सिलोना येथील संगीत संग्रहालयात आहे.

त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी हाच प्रश्न पद्धतशीरपणे तपासला. एकाच कुशल कारागिराकडून त्यांनी सहा गिटारी करवून घेतल्या. आकार एक, वरची फळी एकाच जातीच्या लाकडाची, फरक केवळ पाठीचा आणि कडांचा. ब्राझीलची शिसवी, भारतीय शिसवी, महोगनी, मेपल, सापेली आणि अक्रोड अशी ती सहा लाकडे होती. बावन्न गिटारवादकांनी मंद प्रकाशात, वेल्डिंगचा गडद चष्मा लावून त्या वाजविल्या. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, डोळ्यांनी न पाहता वाजविताना वादकांनी सहाही गिटारींना जवळपास सारखेच गुण दिले. महागडे लाकूड त्यांना कानांनी ओळखता आले नाही. शिसवीचा काळसर-जांभळा रंग आणि तिच्या रेषा सुंदर असतात, यात वाद नाही. परंतु ते सौंदर्य पाहण्याचे आहे.

मग ऐकण्याचे सौंदर्य कोठून येते? पोलादी तारांच्या गिटारीत सहा तारांचा मिळून ताण साधारण सत्तर किलोच्या आसपास असतो. एका धडधाकट माणसाचे वजन अहोरात्र ओढून धरावे, तसा तो घोडीवर असतो. आणि ती घोडी ज्या फळीवर चिकटविलेली असते, तिची जाडी जेमतेम तीन मिलिमीटर. तार स्वतः फार थोडी हवा हलविते. तिचे कंपन घोडीतून फळीत उतरते, फळी थरथरते आणि पेटीतील हवेला हलविते, तेव्हा तो स्वर खोलीभर ऐकू येतो. फळी जाड ठेवली तर ती टिकते, पण आवाज कोंडल्यासारखा येतो. पातळ केली तर आवाज मोकळा होतो, पण काही वर्षांत ती घोडीपाशी फुगते, क्वचित तडकते. गिटार घडविण्याची सारी विद्या या दोहोंच्या मधल्या अरुंद वाटेवर आहे.

हाताचे मोल येथे कळते. वरच्या फळीसाठी बहुधा स्प्रूस या थंड प्रदेशातील सूचिपर्णी झाडाचे लाकूड घेतात, कारण ते वजनाला हलके आणि तरीही ताठ असते. परंतु एकाच ओंडक्यातून निघालेल्या दोन फळ्याही सारख्या नसतात. एक अधिक ताठ, दुसरी अधिक लवचीक. कारखान्यात सर्व फळ्या एकाच मापाने तासल्या जातात, आणि त्यांतील सर्वांत दुबळी फळीही तग धरील असे ते माप असते. हजारो गिटारींची हमी द्यावयाची, तर त्यात वावगे काही नाही. एकटा कारागीर मात्र हातातील फळी दोन्ही अंगांनी किंचित वाकवून पाहतो, अंगठा आणि बोट यांमध्ये लोंबती धरून बोटाने ठोकतो, तिचा नाद ऐकतो, थोडी तासतो आणि पुन्हा ठोकतो. मग आतल्या बाजूच्या आधारपट्ट्या येतात. या पट्ट्या इंग्रजी एक्स अक्षराप्रमाणे एकमेकींना छेदून बसविण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत रुळली आणि पोलादी तारांच्या बहुतेक गिटारींत आजही तीच आहे. त्या पट्ट्यांची टोके पटाशीने किती उतरवावयाची, हे त्या एका फळीपुरते ठरते. ताठ फळी अधिक पातळ होऊ शकते, लवचीक फळीला अधिक आधार लागतो. मिरजेच्या कारागिराला तंबोऱ्याची जवारी काढताना पाहिले असेल, त्याला हे वेगळे समजावून सांगावयास नको. घोडीचा पृष्ठभाग किती घासावयाचा, हे तेथेही कानच सांगतो.

मागणीनुसार घडविण्याचा दुसरा लाभ वादकाच्या शरीराशी संबंधित आहे. बोटांनी तारा छेडणाऱ्यास लहान पेटी आणि किंचित रुंद मान सोयीची पडते. गाण्याच्या साथीला जोरकस झंकार हवा असणारा मोठ्या पेटीची मागणी करतो. लहान हाताच्या किंवा डावखुऱ्या वादकाला दुकानात मनाजोगे वाद्य क्वचितच मिळते. यात गूढ काही नाही. मापाचे कपडे शिवून घेण्यासारखेच ते आहे. चांगला कारागीर म्हणूनच लाकडाची यादी पुढे करण्याआधी वादकाला समोर बसवून वाजवावयास सांगतो.

पाठीच्या लाकडाला आणखी एक बाजू आहे. भारतीय शिसवीची गणना आज असुरक्षित प्रजातींत होते. ब्राझीलच्या शिसवीवर १९९२ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारात जवळपास संपूर्ण बंदी आहे. जानेवारी २०१७ मध्ये शिसवीच्या कुळातील यच्चयावत झाडे परवान्याच्या कक्षेत आली, तेव्हा जगभर दौरे करणारे वादक आणि वाद्यनिर्माते हवालदिल झाले. अखेर २०१९ च्या नोव्हेंबरपासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ब्राझीलच्या शिसवीला ती नाही. गोमंतकाला हा पेच अपरिचित नाही. घुमटाला घोरपडीचे कातडे लावणे कायद्याने बंद झाले, बकऱ्याचे कातडे आले, नाद बदलल्याची तक्रारही झाली. तरी त्याच घुमटाला २०१९ मध्ये राज्याच्या वारसा-वाद्याचा मान मिळाला. गिटारीच्या पाठीबाबत तर, वर सांगितलेला प्रयोग पाहता, नाद फारसा बदलण्याचे भयही नाही. तरीही ग्राहक शिसवीच मागतो आणि कारागीर ती देतो, कारण दुसऱ्या लाकडाची गिटार पुढे विकावयाची झाल्यास भाव पडतो.

कोकण-गोव्यात हातघडणीची गिटार घेणाऱ्याने मात्र पाठीपेक्षा पावसाची चिंता अधिक वाहावी. लाकूड आपल्या धाग्यांना आडव्या दिशेने दमटपणात फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. गिटारीला हवेतील आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास मानवते. आपल्याकडे आषाढ-श्रावणात ती कित्येक दिवस ऐंशीच्या वर असते. फळी जितकी पातळ, तितका हा परिणाम लवकर दिसतो; म्हणजे ज्या गुणासाठी अधिक पैसे मोजले, तोच गुण वाद्याला नाजूक करतो. फळी घोडीमागे वर येते, तारा पडद्यांपासून उचलल्या जातात आणि दाबताना बोटे दुखू लागतात. उलट, दिवसभर वातानुकूलित खोलीत भिंतीला टांगलेली गिटार आकसून तडकू शकते. गिटार घडविणाऱ्याच्या खोलीत आर्द्रतामापक आहे काय आणि फळी कोणत्या ऋतूत चिकटविली जाणार, हे म्हणूनच आगाऊ विचारून घ्यावे. जुलैच्या ओल्या हवेत उघड्यावर जोडलेली फळी जानेवारीत सांध्यापाशी फाटण्याचा संभव असतो. घरी आणल्यावर ती घट्ट बंद होणाऱ्या कडक पेटीत, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी आणि त्या पुड्या वेळोवेळी बदलाव्यात. तारांची उंची तरीही वाढलीच, तर घाईने घोडीचे हाड घासून कमी करू नये. पाऊस सरल्यावर फळी बहुधा आपणहून खाली बसते, आणि घासलेले हाड मग तारांना पडद्यांवर खडखडविते.