दगडात शिंपला दिसला म्हणजे तिथं समुद्र होता? अहिल्यानगरचे खडक काय सांगतात, वाचा सविस्तर

विहीर खोदताना किंवा नदीकाठी फिरताना शिंपल्यासारखा दगड हाती लागतो. कुणीतरी त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकतं आणि सोबत मजकूर येतो, ‘इथं कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्र होता.’ हे खरं असू शकतं का? उत्तर शोधायचं तर ब्रॅकिओपॉड या प्राण्याची ओळख करून घ्यावी लागेल. एखाद्या खडकावर कधी समुद्र होता, याचा तो भरवशाचा साक्षीदार मानला जातो.

ब्रॅकिओपॉड म्हणजे काय?

दिसायला शिंपला, पण नात्यानं वेगळा असा हा समुद्री प्राणी आहे. दोन झडपांच्या कवचात राहून तो पाण्यातले अन्नकण गाळून खातो. त्यातल्या काहींच्या कवचाच्या टोकाला छिद्र असतं. त्यातून बाहेर येणाऱ्या देठानं प्राणी तळाला चिकटून राहतो. असं कवच हातात घेतलं तर वात लावायच्या जुन्या दिव्याची आठवण होते. त्यामुळेच इंग्रजीत या प्राण्याला ‘लॅम्प शेल’ म्हणतात.

सुमारे ५३ कोटी वर्षांपूर्वीपासून ब्रॅकिओपॉड पृथ्वीवर आहेत. २५ कोटी वर्षांपूर्वीच्या महाविनाशात त्यांचे बहुतेक गट संपले. आतापर्यंत जीवाश्मांच्या सुमारे १२ हजार प्रजाती नोंदवल्या गेल्या आहेत. जिवंत प्रजाती मात्र साधारण ४०० आहेत.

साधा शिंपला आणि ब्रॅकिओपॉड कसा ओळखायचा?

साध्या शिंपल्याच्या दोन झडपा बहुधा एकमेकींचं आरशातलं प्रतिबिंब असतात, तळहात जोडल्यासारख्या. पण एकच झडप घेतली तर तिची डावी-उजवी बाजू सारखी नसते.

ब्रॅकिओपॉडचं उलट असतं. एक झडप मोठी, दुसरी लहान. मात्र कोणत्याही झडपेवर मधोमध उभी रेघ मारली, तर दोन्ही अर्धे भाग सारखे दिसतात.

मग वर्गीकरण अवघड का?

बाहेरून जुळ्यासारखी दिसणारी दोन कवचं आतून पूर्ण वेगळी असू शकतात. म्हणून झडपा जोडणारे दात, खाचा आणि अन्न गाळणाऱ्या अवयवाला आधार देणारा आतला सांगाडा पाहावा लागतो. दगड झालेलं कवच उघडता येत नाही. त्यामुळे ते थोडं थोडं घासत प्रत्येक टप्प्यावर आतल्या रचनेची नोंद घेतात. यात नमुना कायमचा नष्ट होतो. म्हणून आधी त्याचे फोटो आणि साचा घेतात.

पूर्वी झडपांना दातांची बिजागरी आहे की नाही, यावरून दोनच मोठे गट मानत. १९९६ मध्ये मांडलेल्या नव्या वर्गीकरणात तीन गट झाले. त्यात कवच फॉस्फेटचं आहे की कॅल्साइटचं, यालाही महत्त्व मिळालं.

अहिल्यानगरमध्ये ते सापडतील का?

जिल्ह्यातल्या काळ्या पाषाणात नाही. जवळपास सगळा जिल्हा दख्खनच्या बेसाल्टवर वसला आहे. हा खडक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर पसरलेल्या लाव्हाचा आहे. अकोले तालुक्यातलं १,६४६ मीटर उंचीचं कळसूबाई शिखरही अशाच थरांचं बनलं आहे. ब्रॅकिओपॉड फक्त समुद्रात राहतात, त्यामुळे जमिनीवर थिजलेल्या लाव्हात त्यांची अपेक्षा करता येत नाही.

मग हाती लागतं ते काय? बेसाल्ट झिजताना कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. चुनखडीच्या खड्यांना चित्रविचित्र आकार येतात. खडकातल्या पोकळ्यांत स्फटिक वाढतात. हे सगळं शिंपल्यासारखं भासू शकतं. नदीच्या जुन्या गाळात खरेखुरे शिंपलेही मिळतात, पण ते गोड्या पाण्यातले. त्यावरून नदी कळते, समुद्र नाही.

मग जवळचा पुरावा कुठे आहे?

मध्य प्रदेशात, धार जिल्ह्यातल्या बाघ परिसरात. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे लाव्हा येण्याच्या बऱ्याच आधी, नर्मदेच्या खोऱ्यात समुद्र शिरला होता. तिथल्या चुनखडकात ब्रॅकिओपॉड मिळतात. त्यातल्या ऱ्हिंकोनेलिड गटावरचा जी. डब्ल्यू. चिपळूणकर यांचा अभ्यास १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे त्यांनी पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीत जीवाश्मांवर काम केलं. ही संस्था आज आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते.

मध्य प्रदेशातल्याच उमरियात १९२१ मध्ये सापडलेला एक पातळ थर त्याहून जुना, पर्मियन काळातला आहे. आजूबाजूला कोळशाचे खडक, म्हणजे जमिनीवरच्या दलदलीचा गाळ. त्यात हा ब्रॅकिओपॉडचा थर मिळाला आणि समुद्र एकदा थेट मध्य भारतापर्यंत आला होता, हे स्पष्ट झालं.

सापडलेला दगड घरी न्यावा का?

उमरियाचा थर महत्त्वाचा ठरला तो जागेमुळे. तोच शिंपला कुणाच्या शोकेसमध्ये मिळाला असता, तर त्यातून काहीच कळलं नसतं. नेवासे परिसरात प्रवरेच्या काठच्या गाळातून पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी अश्मयुगीन हत्यारं शोधली. तिथंही कोणतं हत्यार कोणत्या थरात मिळालं, हाच काळ ठरवण्याचा मुख्य आधार होता. वाळू उपशात किंवा यंत्रानं काठ खरवडताना हा क्रम मोडतो आणि तो पुन्हा लावता येत नाही.

म्हणून काही वेगळं दिसलं तर आधी ते जागेवरच ठेवून फोटो काढा. शेजारी नाणं किंवा पेन ठेवा, म्हणजे आकार कळेल. मोबाइलवर लोकेशन नोंदवा. कोणत्या थरात आणि किती खोलीवर दिसलं, तेही लिहा. ही माहिती जवळच्या महाविद्यालयातल्या भूगर्भशास्त्र किंवा पुरातत्त्व विभागाला दाखवा. ‘समुद्र होता’ असा मेसेज पुढे पाठवण्याआधी झडपेवर मधोमध रेघ मारून पाहा. दोन्ही अर्धे सारखे नसतील, तर तो ब्रॅकिओपॉड असण्याची शक्यता कमीच.